आधी डोळे, मंग हात, मंग पाय

भाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी बहरीनच्या नईम भागात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो आणि अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. नंबर भारतातला दिसला म्हणून उचलला.

"काका, मी सुजाता. बाबांचं कळलं ना तुम्हाला?"

कळलं होतं. दोन महिन्यांपूर्वी भाऊंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून अकोल्याकडच्या गावी घरी आणलंय, इथपर्यंत मला ठाऊक होतं. पुढचं ती सांगू लागली.

"डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुधारणा होईल. पण काका, बाबा दिवसभर एकच खूण करून राहिले. वर बघतात आणि डावा हात वर करतात. बस्स, एवढंच. आई म्हणते, मी आता वर चाललो असं सांगतात. तिनं जेवण सोडलं. रोज कोणी ना कोणी भेटायला येतं, समोर बसून रडतं. परवा विहारातली मंडळी येऊन त्रिशरण म्हणून गेली. कोणी रडलं की बाबा अजूनच चिडतात आणि अजूनच जोरात हात वर करतात. पाटी-पेन्सिल दिली तर डाव्या हातानं रेघोट्या ओढल्या आणि पाटी फेकून दिली."

साबण सुकत चालला होता.

"तुम्ही अकरा वर्षं त्यांच्यासोबत होते ना काका? तुम्हाला काही कळतं का पाहा. मी शाळेत शिकवून येते तोवर औषधानं त्यांना झोप लागलेली असते. रविवारी मी घरी असते. तेव्हा व्हिडिओ कॉल लावते."

मी हो म्हणालो. रविवारला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी कामावर काय केलं ते मला आठवत नाही, पण भाऊ सगळे आठवले.

मी कोकणातल्या म्हसळ्याचा. भाऊ अकोला जिल्ह्यातले. माझ्या घरी ईद, त्यांच्या घरी चौदा एप्रिल. महाराष्ट्रात आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं, ती बहरीननं पाडली. हमद टाउनमध्ये घरांची मोठी साइट चालू होती. तिथे सगळे पत्ते राउंडअबाउटच्या नंबरावर सांगतात, त्यामुळे मी पहिल्या दिवशी तीन राउंडअबाउट चुकून, उन्हात भाजून, उशिरा पोहोचलो. गेटच्या आत एक बुटका माणूस साठेक कामगारांसमोर उभा होता आणि एक शब्दही न बोलता मरत होता.

म्हणजे मला तसं वाटलं. तो हवेत हात मारत, डोळे फाडून, गुडघ्यांवर आला, आडवा झाला आणि निपचित पडला. साठ माणसं चिडीचूप. मग तो उठला, पँट झटकली, खिशातून हार्नेसचा, म्हणजे उंचीवर चढताना बांधायच्या पट्ट्याचा, हूक काढून उंच धरला आणि कमरेला अडकवला. साठ माणसांनी आपापले हूक तपासले. खटाखट आवाज झाला आणि सगळे कामाला पांगले.

"काय पाहून राहिला?" माझ्या हातातली फाइल बघून तो म्हणाला. "नवा असिस्टंट तूच का? कोकणातला? मंग असा उभा कायले? बोटीची वाट पाहून राहिला का?"

हे आमचे सेफ्टी ऑफिसर. सगळी साइट त्यांना भाऊ म्हणायची. पाकिस्तानी फोरमनसुद्धा 'भाऊ साब' म्हणायचा.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून, आज धोका कशाचा आहे ते दहा मिनिटं सांगायचं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. बहुतेक ठिकाणी सेफ्टीवाला कागद वाचतो आणि कामगार झोप पुरी करतात. आमच्याकडे बंगाली होते, नेपाळी होते, मल्याळी, पठाण, फिलिपिनो आणि दोन इथिओपियन. इंग्रजीत सांगावं तर चौघांना कळायचं. हिंदीत सांगावं तर निम्म्यांना. बाकीचे 'यस सर' म्हणायचे आणि जायचं तिथेच जायचे. भाऊंनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. ते टॉक मुक्यानं करायचे. नसलेल्या परांचीवर चढायचे, नसलेल्या वायरला चिकटायचे, नसलेल्या खड्ड्यात जायचे. त्यांची तीस-चाळीस मरणं मी पाहिली आहेत आणि एकही दुसऱ्यासारखं नव्हतं.

हे सगळं त्यांनी कुठून उचललं? तर एका इटालियन नटाकडून. शंभर वर्षांपूर्वीच्या.

त्याचा फोटो भाऊंच्या वरच्या खिशात असायचा, लॅमिनेट केलेला, सीपीआर कार्डाच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या, बरोब्बर मापाचा. त्यामुळे व्हायचं असं, की कुठल्याही गेटवर सिक्युरिटीवाल्यानं ओळखपत्र मागितलं की भाऊ घाईत इटालियनच काढून द्यायचे. टोकदार मिशा, छातीवर हात, डोळ्यांत काळंभोर काजळ. सिक्युरिटीवाला एकदा फोटोकडे बघायचा, एकदा भाऊंकडे. भाऊ म्हणायचे, "जवानीतला आहे." एकदा एकानं सोडलंही.

तो फोटो भाऊंना मिळाला मी यायच्या आधी. इथे उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते. त्या चार तासांत सगळी साइट सावलीला पडलेली असते. एका साली पंप बसवायला एक म्हातारा इटालियन इंजिनिअर आला होता. त्याचा आजोबा नट होता, आधी नाटकातला, मग मुक्या सिनेमातला. त्या दोन महिन्यांच्या दुपारी म्हाताऱ्यानं आपल्या आजोबाचं आयुष्य भाऊंना सांगितलं. दोघांकडे मिळून एका माणसाला पुरेल इतकंच इंग्रजी होतं, त्यामुळे त्यातलं किती इटलीहून आलं आणि किती अकोल्याहून, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नटाचं नाव एवढं लांब होतं की भाऊंना ते कधीच उच्चारता आलं नाही. ते त्याला 'आपला इटालियन' म्हणायचे. जाताना इंजिनिअर तो फोटो देऊन गेला.

पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात, दुपारच्या त्या बंदीत, भाऊ ते आयुष्य आम्हाला सांगायचे. क्रम नाही, साल नाही. आज तो म्हातारा, उद्या पाळण्यात.

"त्याचा जलमच नाटक कंपनीतला," भाऊ पत्र्याच्या केबिनमध्ये एसीखाली मांडी घालून सुरू करायचे. "आज या गावी, उद्या त्या गावी. सात वर्षाचा असताना त्याले मेलेल्या पोराचं काम देल्लं. नुसतं पडून राहाचं. आन लेकाचा शिंकला! सगळं थेटर हासलं. पडदा पडल्यावर बापानं अशी ठेवून देल्ली त्याले... बाप म्हने, जितं दिसनं सोपं हाय, पोट्ट्या. मेल्यावर मेलेलं राहाले अक्कल लागते."

हा धडा भाऊंनी फारच मनावर घेतला होता. एकदा त्यांनी उष्माघाताची टॉक केली. चक्कर येते कशी, माणूस कोसळतो कसा. कोसळले. त्या दिवशी साइटवर एक नवीन नर्स आली होती. तिनं शिट्टी मारली, चौघांनी भाऊंना स्ट्रेचरवर टाकलं आणि गाडी निघाली. मी मागे धावत ओरडतोय, "सिस्टर, नाटक आहे, नाटक!" पण भाऊ काही डोळे उघडेनात. क्लिनिकमध्ये डॉक्टरनं बीपी घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, सुई भरली. सुई बघितल्यावर भाऊ उठून बसले आणि म्हणाले, "टूलबॉक्स टॉक खलास. थँक्यू."

मॅनेजरनं वॉर्निंग लेटर दिलं. भाऊंनी ते लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलं. "आपल्या इटालियनले पेपरात समीक्षा येत," ते म्हणाले. "मले ही आली."

सुरम्याचंही असंच. मुक्या सिनेमातले नट डोळे रंगवायचे, कारण लांबून डोळेच दिसले पाहिजेत. मी आलो त्याच महिन्यात त्यांनी गावाहून येणाऱ्याबरोबर एकच गोष्ट मागवायला सांगितली, माझ्या अम्मीकडचा सुरमा. तेव्हापासून रोज सकाळी सहाला, ट्रकच्या आरशात बघून, हा माणूस डोळ्यांत सुरमा घालायचा. "सुरमा तुमचा, कला इटलीची, पोट अकोल्याचं," असं स्वतःवर खूश होऊन म्हणायचा. कामगार हसायचे. पण शेवटच्या रांगेतला माणूसही त्यांच्या डोळ्यांकडेच बघत असायचा, हे मी रोज पाहिलं आहे.

आता माझं सांगतो. माझं सांगितल्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत.

मी डिप्लोमा घेऊन आलो होतो, कागदात हुशार. तीन महिन्यांचं प्रोबेशन. शेवटी क्लायंटच्या इन्स्पेक्टरसमोर एक टूलबॉक्स टॉक द्यायची. जमली तर नोकरी पक्की, नाही जमली तर व्हिसा रद्द आणि परतीचं विमान. गावी माझं लग्न ठरलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, नोकरी पक्की झाल्याचं कळवा, मग तारीख धरू. आणि मी तर असा, की चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की आवाजच निघायचा नाही. शाळेत एकदा पंधरा ऑगस्टच्या भाषणात 'माननीय' म्हणून जो थांबलो तो थांबलोच. मास्तरांनी हाताला धरून खाली नेलं होतं.

हे मी भाऊंना सांगितलं. वाटलं, धीर देतील. म्हणाले, "आवाज नाही निघत ना? छान. उद्यापासून काढूच नको."

आठवडाभर मला बोलायची बंदी. कॅम्पवर, मेसमध्ये, बसमध्ये. जे हवं ते करून दाखवायचं. डाळीत मीठ कमी आहे हे मल्याळी कुकला सांगायला मला दोन दिवस लागले. खोलीतल्या माझ्या साथीदारांना वाटलं, घरून काहीतरी वाईट बातमी आली आणि मला धक्का बसला. एकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा पढली. कुकनं न मागता लोणचं वाढलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे, मला काही झालेलं नाही. पण भाऊ समोरच्या टेबलावर बसून बोटानं दटावायचे.

त्याच आठवड्यात त्यांनी मला इटालियनचा मधला भाग सांगितला. नाटकात त्याच्या आवाजाचा दरारा होता. मग सिनेमावाल्यांनी बोलावलं. हा तिथेही तसाच गरजला. सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर नुसतं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आवाज कुठाय? लोक खो खो हसले. हा मागच्या खुर्चीत बसलेला. उठून निघून गेला.

"मंग सहा महिने कोनाच्या दारात बसला असंल?" भाऊंनी विचारलं. "जोडे शिवनारा एक मुका-बहिरा मानूस होता त्याच्या गल्लीत. त्याच्याजवळ. तो गिऱ्हाइकासंगं कसा बोलते, भाव कसा करते, शिव्या कशा देते. आन त्याच्यापासून तीन गोष्टी घेऊन उठला. आधी डोळे, मंग हात, मंग पाय. पहिले मानसाले डोळ्यानं दाखवाचं, संकट कुठी हाय. मंग हातानं, ते काय हाय. मंग पायानं, आपन काय कराचं. तिन्ही झाले पायजे. दोनच केले तं लोकं घाबरतात, पन हलत नाहीत."

ते मला उभं करायचे आणि एकच टॉक घोटून घ्यायचे, क्रेनला लटकणाऱ्या वजनाची. नजर सावकाश वर. ती तिथेच ठेवायची. मग डावा हात डोक्यावर, पंजा आडवा, किंचित हेलकावे खाणारा. मग बाजूला दोन पावलं, ठाम. शंभर वेळा केली मी ती. त्या केबिनच्या फरशीवर माझ्या बुटांचे डाग पडले असतील.

माझा दिवस आला. साठ माणसं समोर. पुढे इन्स्पेक्टर, पेन काढून, त्याच्या शेजारी आमचा मॅनेजर. मी गुड मॉर्निंग म्हणालो आणि सगळं पुसलं गेलं. हात कुठे न्यायचा ते आठवेना. डोळे तर इन्स्पेक्टरच्या पेनावर खिळलेले. ते पेन काहीतरी लिहू लागलं. मला मास्तर दिसायला लागले, हाताला धरून खाली नेणारे.

आणि मग कामगारांच्या डोक्यांवरून, सगळ्यांच्या पाठीमागे, फळ्यांच्या थप्पीवर चढलेले भाऊ दिसले. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, त्यामुळे त्यांना पाहणारा मी एकटा. डोळ्यांत सुरमा. त्यांची नजर सावकाश वर गेली. माझी गेली. मागोमाग साठ जणांची गेली. त्यांचा हात डोक्यावर आला, माझा आला. अशी सगळी टॉक त्या माणसानं थप्पीवर उभं राहून केली आणि मी फक्त त्यांचा आरसा झालो. शेवटी मी दोन पावलं बाजूला झालो तेव्हा पहिली रांग आपसूक माझ्याबरोबर सरकली. इन्स्पेक्टरही सरकला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मागे वळून पाहिलं. भाऊ थप्पीवर बसून बाटलीतून पाणी पीत होते.

नोकरी पक्की झाली. संध्याकाळी मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, तुम्ही वाचवलंत.

"मी काय केलं?" ते म्हणाले. "मी तं माश्या हाकलून राहिलो होतो."

त्याच दिवशी त्यांनी मला इटालियनचा शेवट सांगितला. तोवर मी कितीदा विचारला तरी, वेळ नाही आली, म्हणून टाळायचे.

बोलपट आले तेव्हा त्याचं वय झालं होतं. वीस वर्षं न वापरलेला आवाज बसला होता. काम मिळेना. मग तो पुन्हा नाटक कंपनीत गेला, पण प्रॉम्प्टर म्हणून. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत असतो. तिकडे स्टेजच्या पुढच्या कडेला जमिनीतच एक खोपटं असतं, प्रॉम्प्टर त्यात गळ्यापर्यंत उभा. नटांना दिसतो, लोकांना दिसत नाही. एका खेळात मुख्य काम करणारा तरुण मधेच अडकला. म्हाताऱ्यानं वाक्य सांगितलं, तर बसलेला आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. तेव्हा त्यानं पुस्तक मिटलं आणि त्या खोपट्यात उभ्या उभ्या तो सगळा प्रवेश डोळ्यांनी आणि हातांनी करून दाखवला. तरुण बघत गेला, बोलत गेला. टाळ्यांनी थिएटर दणाणलं.

"अख्ख्या जिंदगीतलं सगळ्यात मोठं काम हेच केलं त्यानं," भाऊ म्हणाले. "आन पाहनारा मानूस एक."

मी म्हणालो, "दोन. आज आणखी एक झाला." त्यांनी फोटो पुसून खिशात ठेवला.

माझं लग्न झालं. बायको फॅमिली व्हिसावर आली, मुलगी इथेच जन्मली. ती मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, पण भाऊ घरी आले की दोघांची तासन्‌तास मुक्यानं बडबड चालायची. आज मी स्वतः सेफ्टी ऑफिसर आहे, बुसैतीनच्या साइटवर. जे आहे ते त्या थप्पीवरून आलेलं आहे. हे मी कुणालाही सांगायला लाजत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, हे वेड तुम्हाला इतकं का लागलं? त्यांनी खिशातून फोटो काढला. मग म्हणाले, "माझ्या बापाले गावात आवाज चढवाची सोय नव्हती. पाटलाच्या दारात तोंड उघडलं की मार. मंग तो आमच्याशी डोळ्यानं बोले. घरी या, पाटील आला, पळा, भाकर लपवा, सगळं डोळ्यानं. मले वाटे, हे आमचंच नशीब हाय. तो इंजिनिअर सांगू लागला तं समजलं, बापाजवळ जे होतं त्याले कला म्हन्तात."

वय झालं, व्हिसा संपला, भाऊ गेले. विमानतळावर त्यांनी तो फोटो माझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "गेटवर दाखवू नको. तुले मिशा नाहीत."

रविवार आला. आमच्याकडे रविवार कामाचा. बाराची बंदी लागली, मी आत आलो आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच फोन घेऊन केबिनच्या दारात सावलीला उभा राहिलो. गावी अडीच वाजलेले. कॉल लागला.

भाऊ खाटेवर होते. इतकेसे झाले होते. केसांचा काळा रंग उतरून सगळे पांढरे, तोंड एका बाजूला ओढलेलं. खाट भिंतीला लागून. खोलीच्या मधोमध सतरंजी आणि तिच्यावर वहिनी, शेजारच्या दोन बाया, एक म्हातारे गृहस्थ. सगळे रडवेले.

"भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी मला ओळखलं. डोळे लकाकले. मग त्यांनी ती खूण केली. नजर सावकाश वर गेली आणि तिथेच थांबली. डावा हात उठला. पंजा आडवा, किंचित हेलकावे खाणारा.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "पाहा ना भाऊजी, सकाळपासून हेच. वर बोलावनं आलं म्हन्तात."

मी बघत राहिलो. डोळे झाले, हात झाला. तिसरं कुठाय? मी खाली पाहिलं. चादरीखाली त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. एकदा बाजूला, पुन्हा एकदा बाजूला. ठाम. दोन पावलं.

"सुजाता," मी ओरडलो, "कॅमेरा वर कर! छताकडे!"

वर पंखा होता. खाटेवर नाही, खोलीच्या मधोमध, सतरंजीच्या बरोब्बर डोक्यावर. फिरत होता आणि दांड्यापासून डुलत होता.

"तो डुलतोच काका, बरेच दिवस झाले," सुजाता म्हणाली.

"बंद कर. आधी आईला उठव तिथून. सगळ्यांना उठव. खालून हटा म्हणतायत ते! इतके दिवस तेच सांगतायत!"

एकच धावपळ उडाली. रडणारी मंडळी भिंतीला जाऊन चिकटली. पंखा थांबला. भाऊंचा हात खाली आला आणि त्यांनी डोळे मिटून असा श्वास सोडला की तो मला बहरीनमध्ये ऐकू आला. जेवढं ते हात वर करत होते तेवढी माणसं निरोप द्यायला येत होती आणि येऊन नेमकी त्या पंख्याखाली बसत होती.

तासाभरानं पुन्हा फोन आला. वायरमननं पंखा उतरवला होता. सुजातानं तळहातावर एक बोल्ट ठेवून मला दाखवला. त्याची पिन कधीच पडून गेली होती आणि बोल्ट सरकत सरकत शेवटच्या दोन आट्यांवर आला होता.

"आई जेवायला बसली," ती म्हणाली. हसतही होती आणि रडतही होती. "बाबांना देऊ?"

तिनं फोन त्यांच्यासमोर धरला. मला खूप काही म्हणायचं होतं. थप्पीचं म्हणायचं होतं, लग्नाचं, मुलीचं, सगळ्याचं. म्हणालो, "भाऊ, प्रॉम्प्टरचं ऐकू आलं हां."

ओढलेलं तोंड हसलं. मग त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली आणि कपाळाला आठी पडली. डोळे माझ्या हेल्मेटवर गेले. डावा हात उठून त्यांच्या स्वतःच्या हनुवटीखाली आला आणि दोन बोटं एकमेकांवर दाबली गेली. चादरीखाली अंगठा आपटला. लगेच.

माझ्या हेल्मेटचा पट्टा सुटा लोंबत होता. मी तो लावला आणि खट्‌ आवाज त्यांना नीट ऐकू जावा म्हणून फोन हनुवटीजवळ धरला.